न घेतलेला सलाम

आमच्या घरात कोणी नमस्कार म्हणत नसे. आम्ही सलाम म्हणायचो. मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की सलाम म्हणतात. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना तो शब्द ऐकून कचेरीतला पट्टेवाला आठवतो. पाठ वाकलेली, हात कपाळाला, डोळे साहेबाच्या बुटांवर. आमचा सलाम तसा नव्हता. तो ताठ उभं राहून, समोरच्याच्या हातात हात देऊन म्हणायचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की तुझ्या घरी शांती असो. रविवारची उपासना संपली की बाबा मंदिराच्या दाराशी उभे राहत (आमच्या चर्चला आम्ही मंदिरच म्हणायचो) आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत. मासळीच्या खाऱ्याने चिरलेले हात, पाटा-वरवंट्याचे घट्टे पडलेले हात, नुकतंच नाक पुसलेले पोरांचे हात, आणि सगळ्यांत शेवटी, पुढच्या वेताच्या खुर्चीवरून सावकाश उठून येणाऱ्या मोठ्या साहेबाचा, जिल्ह्याच्या गोऱ्या कलेक्टरचा हात. "सलाम, साहेब." "सलाम, मास्तर." त्या एका शब्दावरून माझा भाऊ गेला. हे प्रकरण त्याचं आहे. मी गोल गोल फिरून सांगणार नाही; मला तशी सवयच नाही. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून, आणि पत्रकात वरच्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर लोक त्यात सुकट बांधून नेतात.

घर रत्नागिरीत, मांडवी बंदराच्या वरच्या अंगाला, मंदिराला लागून. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, परसात एक म्हातारा फणस. समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई, आणि वारा खालून वर आला की जाळ्यांचा वास थेट चुलीपर्यंत येई. आई पहाटे पितळेच्या पातेल्यात उकड्या तांदळाची पेज ठेवी. माहेराहून आणलेलं तिचं तेवढं एकच भांडं होतं. पेज, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि मिठातली कैरी, यावर आम्ही वाढलो. बाबा, म्हणजे गावाचे याकोब मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारची उपासनाही चालवत. पोरांना छडी मारत नसत, म्हणून इतर मास्तर त्यांना हसत. आमच्या आणि हसन हवालदाराच्या परसाच्या मधे कमरेएवढा गडगा होता, नुसते चिरे एकावर एक रचलेला. हसन बाबांच्याच शाळेत मुळाक्षरं शिकलेला. माझ्या भावाला, दानूला, मांडवीच्या पाण्यात पोहायला त्याने शिकवलं होतं. रोज सकाळी ड्यूटीवर निघताना तो गडग्याशी थांबे आणि "सलाम, मास्तर" म्हणे. बाबा दात घासत असले तरी चूळ टाकून "सलाम, हवालदार" म्हणत. त्यांचाही शब्द तोच, आमचाही तोच. ईदेला गडग्यावरून शिरखुर्मा इकडे येई, नाताळाला करंज्या तिकडे जात. आई त्याला अरेतुरे करी आणि तो पोलिसाच्या डगल्यातही तिच्यासमोर पोरासारखा उभा राही.

हे सगळं गोड वाटतं, तर बाकीचंही सांगते. आमच्या कौलांवर दगड पडत. वर्षातून कधीतरी नाही, आठवड्यातून. शाळेतून येताना पोरं माझ्या वेणीला शेण लावत आणि विचारत की साहेबाने पाव किती दिले. खाली मांडवीच्या उतारावर सरकारी परवान्याचं दारूचं दुकान होतं, आणि गलबतं आली की त्या रस्त्याने संध्याकाळी बाईमाणसाने जाऊ नये असा प्रकार. आमच्या शेजारच्या वाडीतली गोदा, नवरा खलाशी, एका सकाळी आमच्या मागच्या दाराशी येऊन बसली. तोंड पदराने झाकलेलं. आईने पदर बाजूला केला तेव्हा वरचे दोन दात नव्हते आणि कानाची पाळी फाटून लोंबत होती. नवऱ्याने कुडी ओढून घेतली होती दारूसाठी. आईने हळद दाबली, पेज दिली. गोदाला चावता येत नव्हतं म्हणून ती पेजेतलं पाणी नुसतं पीत राहिली, आणि त्यात रक्त उतरून पाणी गुलाबी झालं. मी त्याच दिवशी माझं पहिलं पत्रक लिहिलं. शाळेच्या छोट्या छापखान्यात मिशनच्या मडमांनी ते कौतुकाने छापून दिलं. दारूबंदीचं काम मिशनला आवडे. पुढे तीच पत्रकं, त्याच ओळी, पांढऱ्या टोपीचे स्वयंसेवक त्या दुकानासमोर वाटायला लागले, तेव्हा मडमांनी छापखान्याला कुलूप घातलं. कागद तोच, शाई तीच. वाटणारा हात बदलला म्हणून शब्द राजद्रोही झाले.

पत्रकं तिकडे पोचवली ती दानूने. तो वीस-एकवीसचा, अंगाने काटक, बोलायला फटकळ. आमचे पुढारी होते एक वकील, सारे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या माणसांबरोबर दानू दुकानासमोर बसायला लागला. बाबांना दारूचा राग होता, पण सरकारविरुद्ध बसणं त्यांना पटत नव्हतं. दर रविवारी ते राजासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करत, आणि ती तोंडदेखली नसे. राज्य करणाऱ्याच्या मनात देव दया घालतो, फक्त आपण मागायला कंटाळता कामा नये, असं ते खरंच मानत. जेवताना बापलेकांची जुंपे. दानू विचारी, तुम्ही त्याच्यासाठी एवढी प्रार्थना करता, तो तुमच्यासाठी काय करतो?

"गुडघे टेकतो," बाबा म्हणाले. "माझ्या शेजारी, त्याच जमिनीवर."

"गादीवर टेकतो, बाबा. ती गादी बंगल्यावरून पट्टेवाला आणतो आणि उपासना झाली की परत नेतो. जमिनीला त्याचे गुडघे लागलेले नाहीत अजून."

आई हसली, आणि बाबांनी पण ताटात बघून हसू लपवलं. पण ते विसरले नाहीत. दुकानासमोर बसणाऱ्यांना पोलीस आता काठ्यांनी फोडणार, अशी कुणकुण गावात लागली त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची उपासना. द्राक्षरसाचा एकच चांदीचा प्याला, तो हातोहात फिरे. साहेब प्यायला, मग बाबा, मग आम्ही सारे. उपासना झाल्यावर दाराशी साहेबाचा हात हातात असतानाच बाबांनी विनंती केली की मुलं निःशस्त्र आहेत, बायका आहेत, त्यांच्यावर काठी चालवू नका. साहेब मोडक्या मराठीत म्हणाला, "बघतो, मास्तर."

कचेरीतला कारकून "बघतो" म्हणाला असता तर बाबांनी छत्री उचलून घरचा रस्ता धरला असता. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला "बघतो"चा अर्थ शिकवावा लागत नाही. पण एकाच प्याल्यातून प्यालेला माणूस तो शब्द बोलला, म्हणून बाबांनी त्याचा होकार केला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, साहेबाने मान्य केलं. आईने फक्त विचारलं, तो नक्की काय म्हणाला. बाबांनी सांगितलं. आईने वाटपाला जोर लावला.

बुधवारी भर दुपारी दुकानासमोर रस्त्यात सगळे बसले होते. पुढच्या ओळीत दानू. बायकांच्या ओळीत गोदा, फाटलेली पाळी पदराखाली झाकून. मी कडेला पत्रकं घेऊन उभी होते. बसलेल्यांच्या मागे बघ्यांचा मोठा जमाव होता, काही आपले, काही कोणाचेच नाहीत. आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी आणून टाकलेला जांभ्याच्या दगडांचा ढीग. साहेब मोटारीने आला, मागून पोलिसांची रांग, त्यात हसन. उठून जा म्हणून हुकूम वाचून दाखवला गेला. कोणी उठलं नाही. तेवढ्यात वरच्या बाजूने बाबा येताना दिसले. शाळेच्या पोरांनी त्यांना काठ्या घेऊन पोलीस खाली गेल्याचं सांगितलं होतं, आणि बाबांना वाटलं की साहेब विसरला, आठवण करून द्यायला पाहिजे. खरंच तेवढंच वाटलं त्यांना. काळा कोट, बगलेत मिटलेली छत्री. पोलीस आणि बसलेली माणसं यांच्या मधल्या मोकळ्या रस्त्यातून ते चालत साहेबापर्यंत गेले, ताठ उभे राहिले, आणि मंदिराच्या दाराशी करत तसा हात पुढे केला.

"सलाम, साहेब."

साहेबाने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने छडीचं टोक टोपीच्या कडेला टेकवलं, पट्टेवाल्याच्या सलामाला लावतात तसं, आणि म्हणाला, "मास्तर, घरी जा." बाबांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांना कळेना की तो घेतला का जात नाही. मागच्या जमावाला हात दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि शब्द ऐकू आला होता. कोणीतरी ओरडलं, "सलाम ठोकायला आला बघा, साहेबाचा जावई!" मोठा हशा झाला. दुसरा म्हणाला, पाव शिळा झाला म्हणून बदलून मागतोय. दानू बसल्या जागी मागे वळून काहीतरी बोलला, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून दगड गेला. हशाकडे वळलेल्या बाबांच्या डाव्या भुवईवर बसला. जांभा तांबडाच असतो, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं की दगडाचीच माती तोंडावर उडाली. मग ती माती वाहायला लागली. बाबा छत्रीवर पडले आणि छत्रीची काडी मोडल्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला.

साहेबाला तेवढंच हवं होतं की नव्हतं, देव जाणे. त्याने छडी उचलली. काठी पाठीवर बसते तेव्हा धोपटल्यासारखा आवाज येतो, भिजल्या कपड्याचा. हाडावर बसते तेव्हा वेगळा येतो, कोरडा, आणि तो एकदा ऐकला की सुक्या लाकडाचे तुकडे करतानाही माणूस दचकतो. मी अजून दचकते. गोदाने हात डोक्यावर घेतला तर हात मधोमध वाकला, कोपर नाही तिथे. एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर तोंडावर पडला आणि त्याच्या मानेवर बूट ठेवून पोलीस पुढे गेला. माणसं उतारावरून बंदराकडे गडगडत पळाली. दुकानदाराने आतून फळ्या लावल्या आणि आत जे पीत होते ते पीत राहिले. दानू पळाला नाही. तो हातापायांवर रांगत बाबांपर्यंत गेला आणि त्यांच्यावर पालथा पडला, कोंबडी पिलांवर बसते तसा. हसन तिथे पोचला. मी पाहिलं, हे मी कोणाचं ऐकून लिहीत नाही. हसनने दानूला ओळखलं, आणि ओळखल्यावर त्याची काठी वरच्या वर थांबली. मागून फौजदाराने त्याला आईवरून शिवी दिली. काठी खाली आली. मग तो कोरडा आवाज.

बाबांना आम्ही उचलून घरी आणलं. तो डोळा गेलाच. दानूला चौकीच्या कोठडीत टाकलं. त्याच्यावर ठपका असा की जमावाला दगडफेकीची चिथावणी याने दिली, कारण दगड यायच्या क्षणी तो मागे वळून ओरडत होता. बाबांना हसणाऱ्यांना गप्प बसा म्हणत होता तो. संध्याकाळी आई पेज घेऊन कोठडीच्या गजांशी गेली. दानू जमिनीवर कुशीला पडलेला, कानातून पाण्यासारखं काहीतरी येत होतं, आणि तो ओकत होता. आईला त्याने ओळखलं, पण तिला तो शाळेतल्या हजेरीसारखं "सर, हजर" म्हणाला. मिशनच्या दवाखान्यातला डॉक्टर यायला तयार होता, पण म्हणाला की कवटी उघडावी लागेल, इथे कोठडीत नाही, माणूस माझ्या टेबलावर पाहिजे. चौकीवाले म्हणाले, वरचा हुकूम आणा. बाबांना शुद्ध नव्हती. माझं एस्तेर हे नाव ठेवताना बाबांनी काय मनात धरलं होतं कोण जाणे. बायबलातल्या एस्तेर राणीसारखी राजाच्या दाराशी न बोलावता जायची पाळी माझ्यावर आली.

सकाळी मी आधी भाऊसाहेबांकडे गेले, कारण ते आपले. ओटीवर माणसं भरलेली, पानाचं तबक फिरत होतं, कालच्या मारावर ठराव चालला होता. मी अंगणात उभी राहिले. ओटीवर या असं मला कोणी म्हणालं नाही, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे म्हणणारही नव्हतं. मी म्हटलं की तुम्ही साहेबाकडे जाऊन फक्त एवढं सांगा, दगड मागच्या जमावातून आला आणि दानूच्याच बापाला लागला. म्हणजे चिथावणीचा आरोप गळून पडेल आणि त्याला दवाखान्यात नेता येईल. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरले होते. पण ते म्हणाले, "एस्तेर, आपल्या लोकांनी दगड मारला नाही, ही आपली भूमिका आहे. ती मी कशी सोडू? आणि सरकारकडे दया मागायला लागलो की लढा संपला."

"दया तुम्ही मागू नका," मी म्हटलं. "मी मागते. तुम्ही खरं तेवढं सांगा."

त्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी कोणाला तरी मला पाणी द्यायला सांगितलं. ते वरून ओंजळीत ओतलं गेलं. मी ते पिऊन निघाले, तहान लागली होती.

साहेबाच्या बंगल्यावर पट्टेवाल्याने अडवलं. मी मंदिराचं नाव सांगितलं तेव्हा सोडलं. व्हरांड्यात मी जे घडलं ते क्रमाने सांगितलं, पत्रकात सांगते तसं, रडले नाही. साहेबाने मला बसायला खुर्ची दिली, हे इथे लिहिलं पाहिजे. भाऊसाहेबांच्या अंगणात मी उभी होते. त्याच्या मते दगड पोलिसांवर मारलेला होता आणि मास्तर मधे आले. कायदा सगळ्यांना सारखा, ओळखीच्या माणसासाठी वेगळा केला तर तो अन्याय. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या भावासाठी मी काल प्रार्थना केली."

मी म्हटलं, "प्रार्थना आम्हीही करू शकतो, साहेब. हुकूम तुम्हीच लिहू शकता."

त्याने मान बागेकडे वळवली. माळी अळ्यांत पाणी सोडत होता. साहेब तिकडे बघतच म्हणाला, "बघतो."

दुपारी दानू कोठडीत मेला. आई गजांमधून हात घालून त्याचा पाय धरून बसली होती, कारण डोकं पलीकडच्या बाजूला होतं आणि हात तिथवर पोचत नव्हता. प्रेत ताब्यात द्यायचा हुकूम मात्र ताबडतोब आला, वळणदार सही केलेला. त्यासाठी कोणाला कुठे जावं लागलं नाही.

पेटी परसातल्या फणसाच्या फळ्यांची केली. मंदिरात ती उघडी ठेवली होती, दानूच्या डोक्यावर आईने स्वतःच्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. आमच्यात रिवाज असा की पुरण्याआधी प्रत्येकाने पेटीजवळ यायचं आणि घरच्यांच्या हातात हात देऊन सलाम म्हणायचं. भाऊसाहेब बाहेर चौकात शंभर माणसं आणि झेंडा घेऊन उभे होते. त्यांनी निरोप पाठवला की झेंडा पेटीवर घालू द्या. बाबांनी उलट निरोप दिला, घाला, पण आधी आत येऊन त्याला बघा. त्यावर उत्तर आलं की भाऊसाहेबांना बघवणार नाही. मंदिराची पायरी चढले असते तर घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती, हे उत्तर कोणी दिलं नाही, मला ते न देताच कळलं. ते चौकातच बोलले. भाषण उत्तम झालं. त्यातली काही वाक्यं माझ्या पत्रकांतली होती.

साहेब आत आला. टोपी हातात, एकटा. माणसं बाजूला सरली. तो पेटीकडे न बघता बाबांसमोर आला, आणि हात पुढे करून हळू आवाजात म्हणाला, "सलाम, मास्तर."

बाबा एका डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर बसले होते. ते उठले. त्यांनी तो हात घेतला नाही.

"बुधवारचा माझा सलाम तुम्ही घेतला नाहीत, साहेब," बाबा म्हणाले. "आधी तो घ्या."

आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला, बुधवारी केला होता तसाच. साहेबाने तो धरला. मग बाबांनी सोडला नाही. पोराला फळ्यापाशी नेतात तसं त्यांनी साहेबाला पेटीपाशी नेलं, दानूच्या डोक्यावरचं लुगडं दुसऱ्या हाताने वर केलं, आणि साहेबाचा पंजा तिथे टेकवला. उजव्या कानाच्या वर, जिथे हाड आत गेलं होतं आणि दाबलं की हलत होतं.

"इथे," बाबा म्हणाले. "इथे लागलं त्याला."

आवाजात राग नव्हता. डॉक्टरला दुखणं दाखवतात तसे ते बोलले. साहेबाचे ओठ हलले, इंग्रजीत की मराठीत कळलं नाही. त्याने हात मागे घेतला नाही. बाबांनी सोडल्यावरही थोडा वेळ तो तिथेच राहिला. मला वाटलं आता हा गुडघे टेकेल, आज गादी नाही, आज जमिनीला लागतील. त्याने टेकले नाहीत. वळला आणि बाहेर गेला, आणि दारातून बाहेर पडल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून हात पुसला. आईने पाहिलं, मी पाहिलं. बाबा पुढे नेहमी म्हणत की घाम असेल. त्या दिवसानंतर ती वेताची खुर्ची रिकामी राहिली. दोन महिने झाले नसतील तोवर त्याच्याच हुकुमाने दुसऱ्या एका बंदरावर अशाच काठ्या चालल्या, तेव्हा त्याच्या हाताला काही आठवलं की नाही, मला माहीत नाही.

मंदिर मी सोडलं नाही. लोक विचारतात, एवढं होऊन तू जातेस कशी? जाते, कारण ज्याच्याकडे मी जाते तोही राज्यकर्त्याच्या हुकुमाने मार खाऊन मेला, आणि राज्यकर्त्याने त्या वेळीही हातच धुतले. मात्र अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना चालते तेव्हा मी डोळे उघडे ठेवते. दया मागायची तर ज्याच्याकडे मागतो त्याच्याकडे बघत मागावी. परवा, इंग्रज जाऊन कैक वर्षं झाल्यावर, आपल्याच राज्यातला एक मंत्री इकडे आला होता, उठवलेल्या वस्तीची पाहणी करायला. मी हात पुढे करून सलाम म्हटलं. त्याच्या बरोबरचा माणूस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आजी, साहेबांना नमस्कार करायचा. हात तसाच राहिला. मला काही नवीन वाटलं नाही.

गडग्याचं सांगायचं राहिलं. पुरून आल्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा पट्टी बांधलेल्या डोळ्याने परसात गेले आणि हसन बाहेर पडल्यावर म्हणाले, "सलाम, हवालदार." हसन थांबला नाही. खाली मान घालून गेला. बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिसऱ्या दिवशी म्हणाले. तो मागच्या वाटेने जायला लागला, तरी त्याच्या पाठीला म्हणाले. ईद आली, शिरखुर्मा आला नाही. आई एक दिवस भडकली. चुलीतलं जळतं लाकूड हातात घेऊनच ती परसात आली आणि म्हणाली, "कोणाला सलाम करता? कोणाचा हात होता ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तो थांबला होता, हेही ठाऊक आहे."

"आणि मग?"

बाबांनी गडग्यावरचा सरकलेला चिरा नीट बसवला.

पुढे बाबांचा डोळा चिघळला आणि ते तापाने अंथरुणाला खिळले. त्या दिवशी सकाळी गडग्याशी कोणी गेलं नाही. आई पेजेचं पातेलं चुलीवरून उतरवत होती, मी बाबांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. बाहेरून आवाज आला, "सलाम, मास्तर." आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. जरा वेळाने पुन्हा आला. "मास्तर, सलाम."

आईने उकळतं पातेलं फडक्याने धरलं आणि ती तशीच परसात गेली. मी दारापर्यंत धावले. ती पेज त्याच्या तोंडावर फेकणार याची मला खात्री होती, आणि मी तिला अडवायला धावले नव्हते. गडग्यापलीकडे हसन डगल्यात उभा होता, टोपी काढलेली, हातात काठी नव्हती. आई त्याच्यासमोर उभी राहिली. पातेल्यातून वाफ निघून दोघांच्या मधे जात होती. पेज काठावरून सांडून तिच्या पायावर पडत होती, तरी ती हलली नाही.

"झोपलेत ते," ती म्हणाली. "तापाने फणफणलेत. उद्या ये."

मग ती आत आली आणि तिने पातेलं चुलीपुढच्या चिऱ्यावर असं आदळलं की त्याचं बूड चेपलं. ते पातेलं माझ्याकडे आहे. अजून सरळ बसत नाही.